पिकेटी यांचं पुस्तक आणि उसाच्या फडातला हिशेब

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांपैकी एक प्रश्न शेवटी घेतला आहे.)



मला दिलेला विषय आहे उत्पन्नातली विषमता आणि तिचं श्रमाच्या बाजाराशी असलेलं नातं. एवढा मोठा विषय तासाभरात घ्यायचा म्हटलं की वक्ता आकडे वाचून दाखवायला लागतो आणि श्रोते मोबाईल बघायला लागतात. म्हणून मी आज एकच पुस्तक आणलंय. थॉमा पिकेटी यांचं ‘कॅपिटल इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी’. फ्रेंचमध्ये २०१३ साली आलं, इंग्रजीत २०१४ साली. जाडजूड ग्रंथ आहे. विकत घेणारे पुष्कळ आणि शेवटापर्यंत पोचणारे थोडे, अशी त्याची ख्याती आहे. (हशा) हसू नका, मीही पहिल्या खेपेला मधली काही प्रकरणं नुसती चाळली होती. नंतर पेन्सिल घेऊन परत बसलो. आज बोलणार आहे ते या दुसऱ्या वाचनाबद्दल.

माझा आक्षेप आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला वाट बघायला नको. या पुस्तकात विषमता मोजली जाते ती वरून. सगळ्यात वरच्या एक टक्क्याला किती, दहा टक्क्यांना किती. ते काम त्यांनी अफाट केलंय. पण तळाशी मजुरी कशी ठरते, कोण ठरवतो, आणि ती ठरत असताना मजुराला ‘नाही’ म्हणता येतं का, हा प्रश्न त्यात कडेला पडतो. आपल्याकडच्या श्रमबाजाराकडे त्याच चष्म्यातून बघायला गेलं तर नेमकं महत्त्वाचं तेच दिसत नाही. हे मी उसाच्या फडात नेऊन दाखवणार आहे.

पण आधी श्रेय द्यायला हवं, नाहीतर टीका हलकी होते.

पिकेटींच्या आधी विषमता मोजायची म्हणजे घरोघरी जाऊन पाहणी करायची. आता पाहणीवाला श्रीमंताच्या बंगल्यावर गेला की वॉचमन त्याला फाटकातूनच परत पाठवतो. त्यामुळे वरचा थर आकड्यांत येतच नसे. पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राप्तिकराची दप्तरं उघडली. भारतात ही आकडेवारी १९२२ पासूनची आहे. २००० च्या सुमारास सरकारने ती छापणंच बंद केलं होतं, ते पुन्हा सुरू झालं २०१६ मध्ये. त्यानंतर २०१७ साली लुका शांसेल आणि पिकेटी यांनी भारतावर निबंध लिहिला. त्यांच्या हिशेबाने वरच्या एक टक्का लोकांचा उत्पन्नातला वाटा १९३० च्या दशकाच्या शेवटी २१ टक्क्यांच्या आसपास होता, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ६ टक्क्यांवर आला आणि २०१४ मध्ये २२ टक्क्यांवर गेला. २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या निबंधात २०२२-२३ साठी हा वाटा २२.६ टक्के आहे, आणि खालच्या निम्म्या लोकसंख्येचा मिळून १५ टक्के. या आकड्यांवर वाद आहेत. त्यात मी शिरत नाही, कारण दोन-चार टक्के इकडेतिकडे झाले तरी माझा मुद्दा बदलत नाही.

आता पुस्तकाचं पहिलं प्रकरण. ते कुठे सुरू होतं माहीत आहे? दक्षिण आफ्रिकेत, मारिकाना इथल्या प्लॅटिनमच्या खाणीवर. ऑगस्ट २०१२. खडक फोडणारे कामगार महिना साडेबारा हजार रँड मागत संपावर गेले. १६ ऑगस्टला पोलिसांनी गोळीबार केला, ३४ कामगार मारले गेले. पिकेटी तिथून विचारतात की, उत्पादनातला किती हिस्सा मजुरीला जावा आणि किती नफ्याला? अर्थशास्त्राचं पुस्तक असं सुरू होतं म्हटल्यावर मी सावरून बसलो.

आणि मग पुस्तक खाणीतून बाहेर पडतं ते जवळजवळ कायमचंच. पुढे येतं भांडवल आणि उत्पन्न यांचं गुणोत्तर, बाल्झाक आणि जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतले वारसदार, आणि तो प्रसिद्ध सिद्धांत: भांडवलावरचा परतावा अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा जास्त राहिला की साठलेली संपत्ती फुगत जाते. हे सगळं वाचनीय आहे. पण खाणीवरच्या माणसाला साडेबारा हजार मागावे का लागले, त्याच्यासमोर बसलेल्या कंपनीला ते नाकारता का आलं, त्या खाणीवर तो कोणत्या ठेकेदाराकडून आला, यातलं काही परत येत नाही.

मजुरीवर प्रकरणं आहेत, नाही असं नाही. तिथे पिकेटी एक रूढ स्पष्टीकरण घेतात. शिक्षण आणि तंत्रज्ञान यांच्यात शर्यत चालू असते, असं टिनबर्गन म्हणाले होते आणि गोल्डिन-कॅट्झ यांनी २००८ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. तंत्रज्ञान पुढे धावलं आणि शिक्षण मागे राहिलं की कुशल माणसाचा भाव वाढतो, अकुशलाचा पडतो. एवढ्याने भागत नाही हे पिकेटी स्वतःच मान्य करतात. किमान वेतनाचं महत्त्व सांगतात. मालकाच्या हातात ताकद असेल तर मजुरी दाबली जाऊ शकते, हेही एका जागी मान्य करतात. पण त्यांची खरी उत्सुकता आहे वरच्या पगारात, कोट्यवधी घेणाऱ्या अमेरिकन मॅनेजरांत. ‘मालकाची ताकद’ हा त्यांच्याकडे अपवाद आहे. माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या मोठ्या श्रमबाजारात तोच नियम आहे.

आता बीडला जाऊ. का बीड? कारण शेतमालाचा भाव, यंत्र, कायदा, जात, कर्ज आणि मजुरी हे सगळं उसाच्या एका टनात एकत्र सापडतं. तुमच्यातल्या ज्यांना हे माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सहन करा.

बीड, नगरचा पाथर्डीकडचा भाग, जालना, परभणी, सांगलीचा जत तालुका, अशा कोरडवाहू भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं निघतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, काही तर थेट कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मार्च-एप्रिलपर्यंत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’. लक्षात घ्या, बाजारात मोजायचं एकक माणूस नाही, हत्यार आहे. कारखाना करार करतो वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदार मुकादमाशी, आणि मुकादम कोयत्याशी. म्हणून कारखान्याच्या हजेरीपटावर तोडणी कामगार नाही. निघायच्या आधी मुकादम ‘उचल’ देतो. उचल म्हणजे आगाऊ रक्कम, ती फेडायची ऊस तोडून.

दर ठरतो टनावर. साखर कारखान्यांचा संघ आणि कामगार संघटना यांच्यात काही वर्षांनी बोलणी होतात. कारखान्यांच्या बाजूने शरद पवार आणि कामगारांच्या बाजूने गोपीनाथ मुंडे, नंतर पंकजा मुंडे, हा लवाद महाराष्ट्राला ठाऊक आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला, ३४ टक्के वाढ. मुकादमाचं कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के. बातमी मोठी झाली, आणि वाढ खरंच मोठी होती. पण तारीख बघा. हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू झाला होता. माणसं फडात उतरून दोन महिने झाल्यावर त्यांच्या कामाची किंमत ठरली. तुम्ही कोणती नोकरी अशी धरली आहे?

आता हिशेब करू. एक कोयता चांगल्या फडात दिवसाला दोन टन तोडतो असं धरा. ऊस आडवा असेल, बांध लांब असेल, तर दीड टनाच्या आसपास. जुन्या दराने दोन टनांचे झाले ५४६ रुपये, म्हणजे माणशी २७३. योगायोग असा की २०२३-२४ साली महाराष्ट्रात मनरेगाचा दिवसाचा दर नेमका २७३ रुपयेच होता! म्हणजे घरदार सोडून, पोरांना कोपीत ठेवून, पहाटे उठून आणि रात्री-अपरात्री गाडी भरून जे मिळतं, ते गावातल्या पाझर तलावावर माती उचलून मिळणाऱ्या सरकारी मजुरीइतकंच. नव्या दराने ३६६ झालं. ठीक आहे, जरा वर गेलं.

मग प्रश्न पडतो की लोक जातात का? शिक्षण नाही म्हणून? मनरेगाला कुठे शिक्षण लागतं! जातात, कारण रोजगार हमीचं काम मागितल्याबरोबर मिळेलच असं नाही, मिळालं तर पैसे उशिरा येतात, आणि मुख्य म्हणजे रोजगार हमी एकरकमी पन्नास हजार किंवा लाख रुपये आधी देत नाही. मुकादम देतो. आखाडात-श्रावणात हातात काही नसताना, मुलीचं लग्न ठरलेलं असताना, दवाखान्याचं देणं असताना.

उचल एक लाख आहे असं समजा. नव्या दराने, रोज दोन टन, रोजचे ७३२ रुपये. लाख फेडायला १३७ दिवस. एकही खाडा न करता. रोज दीड टन पडला तर ५४९ रुपये, आणि १८२ दिवस. हंगामच मुळी चार-पाच महिन्यांचा. मधल्या काळात आठवड्याची खर्ची, किराणा, दुखणंखुपणं मुकादमाच्याच वहीत चढतं. वाढे विकून थोडे पैसे सुटतात, तेवढाच रोख आधार. एप्रिलमध्ये वही बघितली तर बाकी निघते, आणि ती बाकी पुढच्या दसऱ्याला पुन्हा कोयता घेऊन उभी राहते. खाडा झाला तर दंड, म्हणून बाई पाळीच्या दुखण्यातही थांबत नाही. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये देशभर गाजलं, ते या दंडापासून वेगळं काढून समजत नाही. त्यावर मी जास्त बोलत नाही, त्या बायकांनी स्वतः पुष्कळ सांगितलंय.

आता या हिशेबाला पिकेटींचा चष्मा लावून बघा. शिक्षण आणि तंत्रज्ञानाची शर्यत? तोडणी कामगाराचं कौशल्य कमी पडलं म्हणून दर कमी आहे का? ऊस जमिनीसरशी तोडायचा, वाढं उडवायचं, पाचट सोलायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. तुमच्यापैकी कोणी एक मोळी चढवून दाखवावी, मी आजचं मानधन देतो. (हशा) जमिनीसरशी तोडलं नाही तर साखरेचा उतारा असलेला बुडखा फडातच राहतो, म्हणजे कारखान्याचं सरळ नुकसान. कौशल्य आहे. त्याला भाव नाही.

यंत्राचं बघा. हार्वेस्टरला टनामागे मिळणारा दर माणसाच्या दरापेक्षा जास्त असतो, आणि ‘यंत्राला देता तेवढं आम्हाला द्या’ ही संघटनांची मागणी जुनीच आहे. शिवाय २०२३ मध्ये हार्वेस्टर खरेदीला ४० टक्के किंवा जास्तीत जास्त ३५ लाख रुपये अनुदानाची योजना आली. आता तुलना अगदी सरळ नाही, हे मला कळतं. यंत्रमालक डिझेल भरतो, हप्ता भरतो, दुरुस्ती करतो. पण पाठ्यपुस्तक सांगतं की मजुरी श्रमाच्या उत्पादकतेवर ठरते. एकाच बांधावर, एकाच उसाच्या टनाला, तोडणाऱ्याकडे भांडवल आहे की फक्त हात आहेत यावरून दोन भाव निघतात. यंत्रमालकाला ‘परवडत नाही’ म्हणता येतं आणि यंत्र घरी उभं करता येतं. उचल घेतलेल्या कोयत्याला येत नाही. एवढाच फरक आहे आणि तो सगळा फरक आहे.

अर्थशास्त्रात याला शब्द आहे, मोनॉप्सनी. आपण क्रेता-मक्तेदारी म्हणू. विकणारे अनेक आणि घेणारा एकच, किंवा मोजकेच. हा शब्द रूढ केला जोन रॉबिन्सन यांनी, १९३३ च्या त्यांच्या पुस्तकात. जाता जाता एक सांगतो, या बाई त्याआधी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात राहून गेल्या होत्या. ग्वाल्हेरला! पती ऑस्टिन रॉबिन्सन तिथे बालमहाराजांचे, म्हणजे आपल्या शिंद्यांचे, शिक्षक होते. ग्वाल्हेरमध्ये त्यांना काही सुचलं असा माझा दावा नाही, पण मला हे उगीच आवडतं. तर त्यांचं म्हणणं असं की घेणारा एकच असेल तर तो मजुराला त्याच्या कामाच्या मोलापेक्षा कमी देऊ शकतो, आणि तरी मजूर मिळत राहतात. पुढे साठ वर्षांनी डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी न्यू जर्सीतल्या बर्गरच्या दुकानांचा अभ्यास केला. १९९२ मध्ये तिथे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं होतं. पुस्तकी हिशेबाने नोकऱ्या जायला हव्या होत्या. त्यांना तशी घट सापडली नाही. मालक आधी कमी देत होता, हे त्याचं एक स्पष्टीकरण.

इथे तुमच्यातला एखादा जाणकार मला अडवेल. अडवायलाच हवं. तो म्हणेल, अहो, महाराष्ट्रात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात. सगळे कामगारांसाठी हपापलेले. मुकादम एकमेकांचे कोयते पळवतात. कितीतरी कामगार दोन मुकादमांकडून उचल घेतात आणि तिसरीकडेच जातात, मुकादम आणि ट्रॅक्टरवाले बुडतात, पोलिसांत तक्रारी होतात. ही कसली मक्तेदारी? ही तर तुफान स्पर्धा आहे.

आक्षेप बरोबर आहे. मलाही त्याने बराच काळ गप्प केलं होतं. पण ती स्पर्धा कशात आहे ते बघा. कारखाने कामगारांसाठी भांडतात तेव्हा दर वाढत नाही. दर राज्यभर एकच, बैठकीत ठरलेला. वाढते ती उचल. एकाने साठ हजार दिले तर दुसरा ऐंशी देतो. आणि उचल म्हणजे मजुरी नाही, कर्ज आहे. बाजार तापला की मजुराचं उत्पन्न वाढायला हवं, इथे त्याचं देणं वाढतं. जितकी जास्त मागणी तितका तो जास्त बांधलेला. मजुरी आणि कर्ज एकमेकांत असे गुंतलेले बाजार आपल्याकडच्या अमित भादुरी, कृष्णा भारद्वाज यांनी १९७० च्या दशकातच ओळखले होते. यान ब्रेमन यांनी गुजरातेत बारडोलीच्या उसावर काम केलं. तिथे तोडणीला जाणारी माणसं कुठली होती? पुष्कळशी आपल्या खानदेशातली. ब्रेमन तिथे नव्या वेठबिगारीबद्दल लिहितात. जुनी वेठबिगारी पिढ्यान्‌पिढ्यांची, एका जमीनदाराची. नवी हंगामाची, मुकादम बदलता येणारी, पण मोकळा कधीच न होणारी. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे.

म्हणून मी ‘नाही म्हणता येतं का’ हा प्रश्न मध्यभागी ठेवतो. संघटना म्हणतात, दर ठरल्याशिवाय गाव सोडू नका. अगदी बरोबर डावपेच आहे, कारण ऊस उभा वाळला की उतारा घटतो आणि कारखान्याचा घाम निघतो. पण उचल खर्च झालेली असते. संपावर जायचा हक्क माणसाने श्रावणातच गहाण टाकलेला असतो.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि पिकेटींची भांडवल-श्रम अशी दोन खान्यांची मांडणी इथे मला सगळ्यात अपुरी वाटते. हा वाढलेला दर देतो कोण? कारखाना? उसाला एफआरपी म्हणजे रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार ठरवतं. २०२३-२४ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,१५० रुपये होता. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पाळलं जातं की नाही हा वेगळा भाग, पण कायदा आहे. आणि महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च त्या एफआरपीतून वजा होऊन शेतकऱ्याला रक्कम मिळते. म्हणजे तोडणीचा दर वाढला की तो दोन एकरवाल्याच्या बिलातून कापला जातो. बैठकीत कारखान्याचे प्रतिनिधी बसतात, पैसे जातात बाहेर बसलेल्याचे.

त्यावर पुन्हा ‘खुशाली’. फेब्रुवारीत ऊस वाळायला लागला, तोडणीची पाळी येईना, की टोळी एकरामागे वरचे पैसे मागते. वर्तमानपत्रं याला लूट म्हणतात. शेतकऱ्याच्या बाजूने ती लूटच आहे. पण श्रमबाजाराचा विद्यार्थी म्हणून मला असं दिसतं की, सबंध व्यवहारात मजुराच्या हातात थोडी ताकद येते ती याच एका क्षणी, आणि ती चालते फक्त त्याच्याइतक्याच गरजवंत माणसावर. कारखान्यापर्यंत तिचा हात पोचत नाही. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर हवं, हा नियम कारखान्याला वरून संरक्षण देतो, शेतकऱ्याला फारशी दुसरी दारं उरत नाहीत. म्हणजे ऊस विकत घेणाराही तोच आणि तोडणीचा दर ठरवायला बसणाराही तोच. फडातले दोघं मात्र एकमेकांच्या खिशात हात घालतात. ‘भांडवलाचा वाटा’ आणि ‘श्रमाचा वाटा’ अशा दोनच रकान्यांत हा शेतकरी तुम्ही कुठे लिहाल?

अजून एक, जरा तांत्रिक, पण मला सगळ्यात जास्त खटकलेलं. पिकेटी आणि सहकाऱ्यांचा जो जागतिक विषमतेचा आकडेसाठा आहे, त्यात नवरा-बायकोचं उत्पन्न सामान्यतः निम्मं-निम्मं वाटून मांडतात. कारण समजण्यासारखं आहे, घरातली वाटणी कळायला मार्ग नसतो. पण आपल्या कोयत्याचं काय होतं? कागदावर बाईला निम्मे मिळाले! प्रत्यक्षात बोलणी नवऱ्याशी, उचल नवऱ्याच्या हातात, वहीत नाव नवऱ्याचं, सही नाहीतर अंगठा नवऱ्याचा. मोळी तिच्या डोक्यावर. तिची मजुरी कमी आहे असंसुद्धा म्हणता येत नाही, कारण तिची मजुरी नावाची रक्कम कुठे नोंदलेलीच नाही. जगातली सगळ्यात तपशीलवार विषमता-नोंदवही या बाईपाशी आली की भागाकार करून पुढे जाते.

जातीबद्दल. पिकेटींच्या पुढच्या ग्रंथात, २०१९ च्या ‘कॅपिटल अँड आयडिऑलॉजी’मध्ये, भारतावर बरंच आहे, जातींची जनगणना आहे, आरक्षण आहे, आणि ते सहानुभूतीने लिहिलंय. पण तिथे जात येते दर्जा म्हणून, मोजणीचा रकाना म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जी गोष्ट दाखवली, की जातीने फक्त कामं वाटली गेली नाहीत, काम करणारेच वरखाली रचले गेले, ती श्रमाच्या बाजाराबद्दलची गोष्ट आहे. बीडमधून जाणारी माणसं वंजारी, बंजारा, दलित समाजातली मोठ्या संख्येने, आता कोरडवाहू मराठाही. मुकादम बहुधा जवळचा, त्याच तांड्यातला, भावकीतला. म्हणून तर उचल बिनकागदाची दिली जाते. वसुलीला कोर्ट लागत नाही, गाव पुरतं. हे अर्थशास्त्राच्या कुठल्या चलात बसवायचं ते मला पिकेटी सांगत नाहीत.

ते सांगतात कर. त्यांच्या गटाने २०२४ मध्ये भारतासाठी सुचवलं की १० कोटींच्या वरच्या संपत्तीवर वर्षाला २ टक्के कर आणि तेवढ्याच वरच्या वारशावर ३३ टक्के कर लावावा. मला विचाराल तर लावावा. पण कर ही झालेल्या वाटणीनंतरची दुरुस्ती आहे. तो वसूल झाला तरी टनाचा दर कोण, कधी, कुणाच्या गैरहजेरीत ठरवतं, ते जागच्या जागी राहतं.

मजुरी खालून उचलायचा अनुभव आपल्याकडे आहे, आणि तो महाराष्ट्राचाच आहे. १९७२ चा दुष्काळ, वि. स. पागे, रोजगार हमी, १९७७ चा कायदा. तीच कल्पना पुढे देशभर मनरेगा झाली. इम्बर्ट आणि पॅप यांच्या २०१५ च्या अभ्यासात असं दिसलं की मनरेगा जिथे आधी आली तिथे कोरड्या हंगामात खाजगी मजुरीही ४.७ टक्क्यांनी वाढली, म्हणजे मनरेगावर न गेलेल्यांचीही. आंध्र प्रदेशात मनरेगाचे पैसे स्मार्टकार्डाने वेळेवर आणि नीट पोचायला लागले, तिथेही खाजगी मजुरी वाढली आणि रोजगार घटला नाही. हे आकडे पिकेटींच्या आलेखांसारखे डोळ्यांत भरणारे नाहीत. ४.७ टक्क्यांवर कोणी जाडजूड पुस्तक लिहीत नाही. पण मारिकानाच्या खाणीत सुरू झालेल्या प्रश्नाला यातून थोडं तरी उत्तर मिळतं.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न (श्रोत्यांतून): सर, मग संपत्तीकराचे पैसे थेट या बायकांच्या खात्यावर का टाकू नयेत? लाडकी बहीण योजनेत तेच होतंय ना?

उत्तर: चांगला प्रश्न आहे, आणि तुम्ही ‘बायकांच्या खात्यावर’ म्हणालात ते महत्त्वाचं. कोयत्यात जी रक्कम तिच्या नावाने कधीच लागत नाही, ती इथे लागते. महिना दीड हजार, वर्षाचे अठरा हजार. मी त्याला हसणाऱ्यांतला नाही. पण उचलीशी तुलना करा. उचल लाखाच्या घरात, एकरकमी, ऐन गरजेच्या वेळी. अठरा हजार बारा तुकड्यांत येतात आणि बारा तुकड्यांत खर्च होतात. त्याने किराण्याची उधारी कमी होईल, मुकादमाची वही बंद होणार नाही. ती बंद करायची तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत स्वस्त व्याजाचं मोठं कर्ज, बँकेचं किंवा बचत गटाचं, तिला मिळायला हवं, आणि ते तिने ऊस तोडण्याच्या अटीवर नसावं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे असं ठरलेलं आहे. महामंडळाच्या योजनांची यादी तुम्ही वाचा. वसतिगृह आहे, विमा आहे, ओळखपत्र आहे, सगळं हवंच आहे. त्यात मी पावसाळ्यातलं कर्ज शोधत होतो.